शाळेत जर्मन, मग स्पॅनिश: पुण्यातल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

पुण्यात मूल आठवीत गेलं की घरोघरी चर्चा सुरू होते: संस्कृत घ्यायचं, हिंदी ठेवायचं की जर्मन? संस्कृतला पैकीच्या पैकी मिळतात असं एक मावशी सांगते, जर्मन घेतलं की मुलगा थेट म्युनिकला जातो असं शेजारचे काका सांगतात. अलीकडे स्पॅनिशचंही नाव निघतं. मी बरीच वर्षं शाळकरी मुलांना या दोन्ही भाषा शिकवते आहे. ज्यांच्या घरात परकीय भाषा पहिल्यांदाच येते आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. दोन्ही भाषा एकाच वर्षी सुरू करू नका. पुण्यात राहत असाल तर आधी जर्मन घ्या आणि ते नीट उभं राहिल्यावर स्पॅनिश. आणि दोन्ही भाषा मराठीचा आधार घेऊन शिका, इंग्रजीचा वळसा घेऊन नको. या शेवटच्या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

आधी आपलं बोर्ड तपासा

राज्य मंडळाच्या शाळांमध्ये जर्मन कुठे मिळतं, कुठे नाही. आठवी-नववीत नाही मिळालं तरी बिघडत नाही, कारण पुण्यातल्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला इंग्रजीच्या जोडीने दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येतं. बारावीला ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी अशी परीक्षा असते. प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारा: जर्मन अनुदानित तुकडीला आहे की विनाअनुदानित, आणि वर्ग अगदी मुळाक्षरांपासून सुरू होतो का. तीन वर्षं जर्मन केलेला मुलगा आणि कालपर्यंत संस्कृत केलेली मुलगी एकाच बाकावर बसली, तर पहिल्याचा वेळ वाया जातो आणि दुसरी घाबरून जाते.

सीबीएसईमध्ये नववी-दहावीला जर्मनचा विषय क्रमांक ०२० आणि स्पॅनिशचा ०९६. विषय यादीत आहे म्हणून तो तुमच्या शाळेत शिकवला जाईलच असं नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईत आणि आयबीमध्ये दोन्ही भाषा मिळतात. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत अगदी नवख्यांसाठी 'अब इनिशिओ' नावाचा वेगळा अभ्यासक्रम असतो. त्यामुळे स्पॅनिश शाळेतच हवं असेल तर पुण्यात ते मुख्यतः आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये सापडतं.

शाळेत आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२०-२१ पासून टप्प्याटप्प्याने. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शाळेतल्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात. म्हणजे परकीय भाषेसाठी जागा मोजकी आहे. 'आठवीत सुरू केलेलं जर्मन दहावीपर्यंत नक्की चालू राहणार का?' हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारा, आणि उत्तर मुख्याध्यापकांकडून घ्या. वर्गशिक्षकांना ते ठाऊक असेलच असं नाही.

जर्मन आधी का

एक कारण सोयीचं आहे. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, म्हणजे जर्मन सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची पुण्यातली शाखा. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथले वर्ग मोठ्या विद्यार्थ्यांसाठी असले, तरी शहरातले कितीतरी जर्मन शिक्षक त्याच इमारतीतून तयार झाले. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आहेत. ब्रेमेन शहराशी पुण्याचं जुनं मैत्र आहे, औंधचा ब्रेमेन चौक त्याच नात्यातून आला. सांगायचं एवढंच की जर्मनचा शिक्षक, पुस्तक, सोबती आणि परीक्षा केंद्र हे सगळं इथे बसच्या अंतरावर मिळतं. शाळकरी वयात ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं कारण भाषेच्या स्वभावातलं. जर्मनचा चढ सुरुवातीलाच आहे. लिंगं, विभक्ती, वाक्यरचना, सगळं पहिल्या दोन वर्षांत अंगावर येतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे ते मुरवायला वेळ असतो. स्पॅनिशची सुरुवात सोपी असते आणि अवघड भाग नंतर येतो, म्हणून ते सोळाव्या वर्षी सुरू केलं तरी चालतं.

मुलाचं मन मुळातच स्पॅनिशमध्ये असेल, फुटबॉलमुळे म्हणा किंवा गाण्यांमुळे, तर मात्र माझा क्रम बाजूला ठेवा. आवडीपुढे सोय दुय्यम.

गुण वेगळे, पातळी वेगळी

युरोपात भाषेची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणं, भाव विचारणं, वेळ सांगणं. बी१ म्हणजे प्रवासात अडचण आली तर ती समजावून सांगता येणं, आपलं मत दोन-चार वाक्यांत मांडता येणं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१ साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात आणि बी१ पर्यंत पोचायला ३५० ते ६५०. आता शाळेतल्या आठवड्याच्या तासिका मोजा, त्यातून सुट्ट्या, स्नेहसंमेलन आणि चाचण्या वजा करा. तीन वर्षांत फक्त शाळेच्या जोरावर मूल ए१ पूर्ण करतं, फार तर ए२ ला हात लावतं.

म्हणून दहावी-बारावीला जर्मनमध्ये ९५ गुण मिळाले याचा आनंद जरूर माना, पण त्यावरून मुलाला जर्मन येतं असं धरू नका. भरघोस गुण मिळवलेली मुलं साध्या संभाषणात अडखळताना मी दर वर्षी बघते. चूक त्यांची नाही. लेखी परीक्षा ठरावीक उतारे आणि ठरावीक व्याकरण विचारते. ज्यांना भाषा खरंच हवी आहे त्यांनी शाळेच्या जोडीला पातळीचा स्वतंत्र अभ्यास ठेवावा. आठवीत सुरुवात करून नववीच्या अखेरीस ए१, अकरावीत ए२ आणि बारावीनंतरच्या सुट्टीत बी१, हा वेग बहुतेकांना झेपतो. दहावीच्या वर्षी नवी पातळी सुरू करू नका, आहे ती टिकवा.

बारावीनंतर जर्मनीत शिकायचं स्वप्न असेल तर हिशेब थोडा कडक होतो. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात), पण पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मन माध्यमात आहेत. आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. बरेच जण 'श्टुडिएनकोलेग' नावाच्या तयारीच्या वर्षातून जातात आणि त्याच्या प्रवेश परीक्षेसाठी बी१ ते बी२ पातळीचं जर्मन लागतं. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस या जर्मन पडताळणी केंद्राकडून शैक्षणिक कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. हे ठरलेलं असेल तर बी१ बारावीच्या आधीच व्हायला हवं.

क्लास निवडताना

गल्लोगल्ली क्लास आहेत. जाहिरातीत 'तीन महिन्यांत बी१' असं असेल तर तो क्लास सोडून पुढे जा. एक तास वर्गात बसू देतात का ते विचारा. बसल्यावर एकच गोष्ट मोजा: मुलं किती बोलतात? शिक्षक तासभर इंग्रजीत व्याकरण समजावत असतील आणि मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असतील, तर तो वर्ग लेखी परीक्षेपुरता ठीक आहे. वीसपेक्षा जास्त मुलं असतील तर बोलायची पाळी येतच नाही. शिक्षकांची स्वतःची पातळी विचारायला संकोच करू नका. शाळकरी मुलांना शिकवणाऱ्याची बी२ तरी पूर्ण झालेली असावी.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मूळ किमतीपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात. पाठ्यपुस्तकासोबत सरावपुस्तक घ्या आणि त्याचं ऐकण्याचं साहित्य मोबाइलवर उतरवून ठेवा. जुनं सरावपुस्तक घेऊ नका. आधीच्या मुलाने भरलेली उत्तरं दिसत राहतात आणि डोकं चालतच नाही.

मराठीचा आधार

आपली मुलं जर्मन शिकताना मनात इंग्रजी वाक्य करतात आणि मग ते जर्मनमध्ये फिरवतात. हा लांबचा आणि खड्ड्यांचा रस्ता आहे. मराठीतून गेलं तर कितीतरी गोष्टी आधीच ओळखीच्या निघतात.

आकड्यांपासून सुरू करा. इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर येतो. जर्मनमध्ये २१ ला 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. आपण एकवीस म्हणतो, पंचवीस म्हणतो, तोच क्रम. मराठीतून आकडे ऐकून जर्मनमध्ये लिहायचा सराव घ्या, आठवड्यात गोंधळ संपतो.

उच्चारांत तर आपण भाग्यवान आहोत. जर्मन 'झेड' या अक्षराचा उच्चार म्हणजे आपल्या 'चमचा' आणि 'चूल' मधला च. 'चहा' मधला नव्हे. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथे सरळ झ म्हणतात आणि तीच सवय लागते. त्यांना चूल म्हणायला लावा, जीभ आपोआप योग्य जागी जाते. 'डब्ल्यू' हा व, 'व्ही' हा बहुतेक वेळा फ. 'ई-आय' म्हणजे आइ आणि 'आय-ई' म्हणजे ई, या एका जोडीत सगळ्यात जास्त चुका होतात. दोन टिंबांची अक्षरं मात्र मराठीत नाहीत. ओठ उ म्हणायला गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं, की टिंबांचा 'यू' तयार होतो. आरशासमोर करा.

आता लिंग. तीन लिंगं ऐकून इंग्रजी बोलणारे हबकतात, पण आपण तो-ती-ते रोज बोलतो. देर, दी, दास ही त्यांची तिकडी. फक्त जोड्या सारख्या नाहीत. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसक. पण आपला सूर्य पुल्लिंगी आणि त्यांची 'दी झोनं' स्त्रीलिंगी, आपलं दार नपुंसक आणि त्यांची 'दी ट्यूर' स्त्रीलिंगी. म्हणून शब्द कधीच एकटा पाठ करू नका. 'ट्यूर' म्हणजे दार असं वहीत लिहिलं तर ते अर्धंच काम. देर निळ्या शाईने, दी लाल, दास हिरव्या, आणि शेजारी अनेकवचन, असं लिहा. काही शेवट भरवशाचे आहेत: 'उंग', 'हाइट', 'काइट' आणि 'शाफ्ट' ने संपणारी नामं दी, 'शेन' ने संपणारी दास.

विभक्तींना घाबरणाऱ्या मुलांना मी म्हणते, तू आजीशी बोलताना दिवसभर विभक्तीच वापरतोस. जर्मनमध्ये चारच आहेत. संस्कृत केलेल्या मुलाला तर हा खेळ वाटतो, त्यामुळे 'संस्कृत घेतलं म्हणजे जर्मन गेलं' असं मानू नका. अकरावीत येणाऱ्या संस्कृतच्या मुलांची जर्मनची गाडी भराभर पुढे जाते. (ज्यांच्या नावाने आपल्याकडचं भवन आहे ते डेसाऊचे माक्स म्युलर सायणभाष्यासह ऋग्वेदाचे संपादक. ते भारतात कधी आले नाहीत, पण या दोन भाषांची जवळीक आपल्या लोकांना त्यांच्या नावामुळे लक्षात राहिली.)

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. मराठीत 'मी त्या माणसाला पाहतो' आणि 'मी त्या माणसाला मदत करतो', दोन्हीकडे 'ला' येतो. जर्मनमध्ये पाहण्याला द्वितीया लागते, 'देन मान', आणि मदतीला चतुर्थी, 'देम मान'. त्यामुळे 'ला' दिसला की चतुर्थी, असं समीकरण करू नका. कोणतं क्रियापद कोणती विभक्ती मागतं याची यादी करा. ती फार लांब नसते. मदत करणं, आभार मानणं, आवडणं, उत्तर देणं ही चतुर्थीवाली नेहमीची क्रियापदं आधी पाठ करा.

आणि वाक्यरचना. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. 'आज' ने वाक्य सुरू केलं तर लगेच क्रियापद आणि मग कर्ता. हे आपल्याला नवीन आहे, त्यासाठी रोज दहा वाक्यं 'आज', 'उद्या', 'शाळेत' अशा शब्दांनी सुरू करून लिहा. पण 'कारण', 'जर', 'की' यांसारख्या शब्दांनी जोडलेलं उपवाक्य आलं की क्रियापद थेट शेवटी जातं: 'वाइल इश क्रांक बिन', शब्दाला शब्द लावला तर 'कारण मी आजारी आहे'. इंग्रजीतून आलेला मुलगा इथे महिनाभर झगडतो. मराठीतून आलेल्याला फक्त एवढं सांगायचं की इथे आपल्यासारखं बोल.

रोजचा अभ्यास

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसा. पाच मिनिटं कालचे शब्द, दहा मिनिटं ऐकणं, दहा मिनिटं मोठ्याने वाचणं, उरलेल्या वेळात चार वाक्यं स्वतःची. ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे अभ्यासक्रम मोफत आहेत आणि नवख्यांसाठी खरोखर चांगले केलेले आहेत. स्वतःची वाक्यं आपल्याच दिवसावर करा: पीएमपीची बस उशिरा आली, डब्यात पोळी-भाजी होती, संध्याकाळी क्रिकेट खेळलो. पुस्तकातलं बर्लिनचं कुटुंब परीक्षेपुरतं ठीक, पण भाषा आपल्या जगण्याला लागली की टिकते. आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि महिन्यापूर्वीचं ऐकून बघा.

पालकांना भाषा येत नसली तरी करण्यासारखं एक काम आहे. मुलाला म्हणा, 'आज काय शिकलास ते मला मराठीत समजाव.' समजावता आलं नाही तर त्याला ते कळलेलं नाही.

परीक्षा

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी गोएथेची ए१ परीक्षा 'फिट इन डॉइच १' या नावाने होते, ए२ ची 'गोएथे-त्सेर्टिफिकाट ए२ फिट इन डॉइच'. मोठ्यांच्या ए१ परीक्षेत भाड्याच्या घराचे आणि नोकरीचे विषय येतात, इथे शाळा, छंद आणि मित्र. म्हणून शाळकरी मुलांनी हीच द्यावी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. लेखनात एका ईमेलला सुमारे ३० शब्दांचं उत्तर लिहायचं. बोलण्यात आधी स्वतःची ओळख, मग दिलेल्या विषयावर एकमेकांना प्रश्न, मग चित्राच्या कार्डावरून विनंती. विनंतीच्या भागाचा सराव बहुतेक जण करत नाहीत. घरातल्या वीस वस्तूंची चिठ्ठ्यांवर चित्रं काढा आणि एकेक उचलून 'जरा हे दे ना' या धर्तीची वाक्यं करा.

बी१ ला चार स्वतंत्र विभाग आहेत आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एखादा विभाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. नावनोंदणीच्या तारखा आधीपासून पाहा. मे महिन्याच्या सुट्टीतल्या जागा भरायला वेळ लागत नाही.

स्पॅनिश सुरू करताना

जर्मनचं ए२ झालं की स्पॅनिश घ्या. सुमारे २० देशांची ही अधिकृत भाषा आहे. लिहिलेलं जवळपास तसंच वाचलं जातं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात आत्मविश्वास येतो. त, द, प, क हे उच्चार आपलेच आहेत. इंग्रजीसारखा ट किंवा हवेचा झोत नको. 'एच' लिहिला तरी बोलत नाहीत, म्हणून 'ओला'. एकेरी आणि दुहेरी र मात्र वेगळे ठेवा: 'पेरो' म्हणजे पण, आणि र घोळवून म्हटलेलं 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

इथेही मराठी धावून येते. 'मे गुस्ता एल ते' म्हणजे मला चहा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. चहा एक म्हणून आवडतो, आंबे अनेक म्हणून आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते. 'मी' न म्हणता नुसतं 'जातो' म्हणायची आपली सवयही चालते, कारण क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. तू आणि तुम्ही यांचा भेदही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'.

अडतं ते 'आहे' पाशी. आपला एक 'आहे' तिथे दोन क्रियापदांत विभागला जातो. तो उंच आहे, तो पुण्याचा आहे, यासाठी 'सेर'. तो आजारी आहे, तो वर्गात आहे, यासाठी 'एस्तार'. पहिले दोन महिने प्रत्येक 'आहे' खाली रेघ मारा आणि कोणता ते ठरवा. घाईने पुढचे काळ शिकत सुटलात तर हा गुंता बी१ पर्यंत पाठ सोडत नाही.

परीक्षेसाठी स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हांटेस 'डेले' घेते. ११ ते १७ वयासाठी तिची शालेय आवृत्ती आहे, ए१ ची आणि ए२-बी१ अशी एकत्रित. हे प्रमाणपत्र कायमचं असतं, त्यामुळे ते दहावीत मिळालं तरी पदवीनंतर दाखवता येतं. भारतातली इन्स्टिट्यूटो सर्व्हांटेसची शाखा दिल्लीला आहे. तुमच्या पातळीची परीक्षा त्या सत्रात कोणत्या केंद्रावर आहे ते तिच्या संकेतस्थळावर बघूनच तयारीला लागा.

सुरुवातीला दोन भाषा एकमेकींत मिसळतात. मूल स्पॅनिश बोलता बोलता 'पण' साठी जर्मन 'आबर' म्हणून जातं. घाबरू नका, रागावू तर अजिबात नका. वह्या वेगळ्या ठेवा, शक्य असेल तर वेळाही वेगळ्या: जर्मन शाळेतून आल्यावर, स्पॅनिश रात्री जेवणानंतर. आणि स्पॅनिश सुरू झालं म्हणून जर्मन थांबवू नका. त्या दिवसांत जर्मनमध्ये नवीन काही शिकलं नाही तरी चालेल, पण आठवड्यातून तीनदा मोठ्याने वाचन चालू ठेवा.